१८ तासांचा हिशेब आणि थकलेला कार्यकर्ता

एप्रिल महिना आला की महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत, ग्रंथालयांत आणि बुद्धविहारांत '१८ तास अभ्यास' हा उपक्रम होतो. पहाटे सहाला मुले-मुली पुस्तक घेऊन बसतात आणि रात्री बाराला उठतात. डीजेपुढे रात्र घालवण्यापेक्षा पुस्तकापुढे दिवस घालवून जयंती साजरी करणे केव्हाही चांगले. या उपक्रमाचे आम्ही समर्थक आहोत आणि राहू.

अडचण सुरू होते ती जयंती उलटल्यावर. एका दिवसाचा संकल्प वर्षभराची मोजपट्टी होऊन बसतो. आठ-दहा तास नोकरी, दोन-तीन तास प्रवास, घरचे व्याप, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि त्यावर चळवळीचे काम एवढे सगळे करूनही आपला तरुण रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःला विचारतो, "बाबासाहेब १८ तास अभ्यास करायचे, मी काय केले?" उत्तर दर वेळी एकच येते : कमी पडलो. वस्त्यांमध्ये काम करताना, शिबिरांमध्ये, वसतिगृहांत हे वाक्य आम्ही इतक्या तोंडून ऐकले आहे की त्यावर लिहिणे आता टाळता येत नाही. झोप उडालेली, चिडचिड वाढलेली, फोन वाजला की छातीत धडधड, कशातच लक्ष नाही आणि हे सगळे कुणाला सांगायचीही लाज. हे आपल्या अनेक चांगल्या कार्यकर्त्यांचे रोजचे जगणे झाले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. हा भार असह्य होतो याचे कारण आपल्या तरुणांची सहनशक्ती कमी आहे हे नाही. भाराची वाटणी चुकली आहे. वाटणी एकट्याने सुधारता येत नाही, ती मिळून सुधारावी लागते. म्हणून 'थकवा' हा विषय डॉक्टरवर आणि ज्याच्या-त्याच्या नशिबावर सोडून न देता संघटनेच्या बैठकीत विषयपत्रिकेवर आला पाहिजे.

भार येतो कुठून?

आपल्या ओळखीचा कुणीही तरुण डोळ्यांपुढे आणा. घरातला पहिला पदवीधर. वडील नाक्यावर उभे राहणारे किंवा साफसफाईच्या कंत्राटी कामावर, आई घरकामाला. याला नोकरी लागली ती एकट्याला लागली नाही. धाकट्या बहिणीची फी, वडिलांची शुगरची गोळी, गावाकडच्या घराचे पत्रे, बचत गटाचा आणि मायक्रोफायनान्सचा हप्ता या सगळ्यांना ती नोकरी लागली. नोकरी कंत्राटी, अकरा महिन्यांनी काय, ते माहीत नाही. शिकत असेल तर महाडीबीटीवर अर्ज 'प्रलंबित' दाखवतो, स्वाधारचा हप्ता वर्ष संपता संपता येतो, मेसवाला मात्र पहिल्या तारखेला पैसे मागतो. जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा शोध, आणि आजोबा तर शाळेतच गेले नव्हते.

याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाकडे पाहा. त्याचे आजोबा वकील, काका अधिकारी, पुण्यात फ्लॅट. त्यालाही परीक्षेचा ताण येतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो नापास झाला तर एक वर्ष जाते. आपला मुलगा नापास झाला तर घर मागे जाते, हे त्याला पक्के माहीत असते. पेपर एकच असला तरी दोघांच्या डोक्यावरचे वजन वेगळे असते.

समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ साली 'द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन' या पुस्तकात एक साधा भेद सांगितला : माणसाची खाजगी अडचण वेगळी आणि समाजाचा सार्वजनिक प्रश्न वेगळा. एका शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचे गुण-दोष बघा. लाखो बेकार असतील तर व्यवस्था बघा. हाच भेद इथे लावला पाहिजे. एखादा कार्यकर्ता थकला तर त्याची दिनचर्या तपासू. पण एका पिढीतले इतके तरुण एकाच तऱ्हेने थकत असतील, तर दिनचर्येच्या पलीकडे बघावे लागेल.

त्यात जातीचा न दिसणारा भार वेगळाच. ऑफिसात आडनाव विचारले की क्षणभर थांबून उत्तर देणे. डब्यात काय आणले यावरचे विनोद ऐकून घ्यायचे की बोलायचे, हे ठरवणे. १४ एप्रिलची सुट्टी मागताना कारण सांगायचे की नाही, हे ठरवणे. एक चूक झाली तर ती 'कोट्या'च्या नावावर जाणार म्हणून प्रत्येक काम दोनदा तपासणे. भाड्याने खोली बघताना घरमालकाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणे. ही सततची सावधगिरी कुठल्याही पगारपत्रकात धरली जात नाही, पण संध्याकाळपर्यंत माणूस रिकामा होतो. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) सुशिक्षित दया पवार आणि वस्तीतला दगडू मारुती पवार एकमेकांसमोर येतात. एकाच माणसाला दोन जगांत उभे राहावे लागते, ही गोष्ट आत्मकथनातून वाचताना आपण हळहळतो. रोज सकाळी लोकलमध्ये चढताना तीच गोष्ट आपण स्वतः करतो, तेव्हा मात्र तिला कामात धरत नाही.

इथे एक सावधगिरी. सगळ्याच गोष्टीला 'ताण' म्हणून मोकळे होता येणार नाही. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी आणि डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी आपल्यातून गेले, तेव्हा त्यांना ताण सहन झाला नाही, असे म्हणणारे लोक होतेच. त्या दोघांच्या आयांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती समुपदेशन केंद्र द्या एवढीच मागणी घेऊन नव्हे. शिक्षणसंस्थांमधला जातिभेद रोखणारी यंत्रणा हवी म्हणून. जिथे छळ आहे तिथे त्याला छळच म्हणायचे, तारीख-वेळ लिहून ठेवायची आणि लेखी तक्रार करायची. छळ सहन करण्याची ताकद वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

चळवळीचे कॅलेंडर

बाहेरच्या भाराबद्दल आपण बोलतो तरी. आपल्या आपण लादलेल्या भाराबद्दल बोलायला चळवळीत कुणी तयार नसते.

वर्षाचे कॅलेंडर काढा. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीमाई, ७ फेब्रुवारीला रमाई, २० मार्चला महाड, ११ आणि १४ एप्रिल, मग बुद्धपौर्णिमा, २६ जूनला शाहू महाराज, १ ऑगस्टला अण्णा भाऊ, १४ ऑक्टोबर आणि अशोक विजयादशमी, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. यातला एकही दिवस सोडावा असे आम्ही म्हणणार नाही. पण प्रत्येक दिवसामागे बैठका, वर्गणी, परवानगीचे अर्ज, बॅनर, वक्त्याचे तिकीट, जेवण आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत करणे असते. आणि जवळजवळ प्रत्येक वस्तीत हे सगळे तेच चार-पाच जण करतात. मंचावर पंधरा नावे असतात. खुर्च्या उचलायला चार हात.

या दिवसांची तारीख तरी आधी माहीत असते. अत्याचाराचा फोन कधीही येतो. रात्री अकराला फोन : गावात पोरांना मारले, पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत. मग गुन्हा नोंदवेपर्यंत ठाण्यात बसायचे, अॅट्रॉसिटीची कलमे लागली का ते बघायचे, जखमींची वैद्यकीय तपासणी, जबाब, समाजकल्याणकडून अर्थसहाय्य, ६० दिवसांत तपास पूर्ण करून दोषारोपपत्र जाते का यावर लक्ष, आणि मधल्या काळात तडजोडीसाठी पीडित कुटुंबावर येणारा गावाचा दबाव. जो कार्यकर्ता हे करतो तो त्या कुटुंबाचे दुःख घेऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्याला कामावर हजर व्हायचे असते. त्या रात्रीबद्दल त्याला कुणीही काहीही विचारत नाही. तोवर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दुसऱ्या जिल्ह्यातला व्हिडिओ आलेला असतो आणि खाली कुणीतरी लिहिलेले असते, "कुठे आहेत आपले कार्यकर्ते?"

याची किंमत चळवळीने मोजलेली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. इतरांच्या वेदनेला आवाज देणारा माणूस ती वेदना स्वतः कशी पेलतो आहे, हे वेळेवर विचारणारी व्यवस्था आपल्याकडे तेव्हा नव्हती. आजही नाही. जयंतीला आपण शाहिराला मानधन देतो, हार घालतो. त्याची झोप लागते का, हे कुणाच्या कामाच्या यादीत नाही.

बैठकीनंतरची भांडी

आणि ही सगळी मांडणी अजून पुरुष कार्यकर्त्याचीच झाली. आपल्या भगिनींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ साली नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरकामाला 'दुसरी पाळी' म्हटले. आपल्या वस्तीतल्या कार्यकर्तीला तिसरी पाळीही असते. नोकरी, घर आणि विहार. बैठक रात्री साडेआठला ठेवायची, म्हणजे पुरुषांचे जेवण उरकलेले आणि बायकांची भांडी राहिलेली. मग 'महिला बैठकीला येत नाहीत' अशी तक्रार करायची. आल्या तर चहा त्यांनीच टाकायचा, इतिवृत्त त्यांनीच लिहायचे आणि ठराव मात्र दुसऱ्यांनी मांडायचे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास पुढे आणला. त्या नावातला 'ही' विसरू नये. चूल, मूल आणि वर चळवळ असे तिहेरी ओझे उचलून या स्त्रियांनी लढे दिले. त्याचे आपण कौतुक करतो. कौतुकाबरोबर चूल वाटून घेतली असती, तर त्यांच्या लेकी-सुनांना आज तीच कसरत करावी लागली नसती. जो कार्यकर्ता बाहेर समतेवर भाषण करतो आणि घरी ताट वाढून मिळेपर्यंत मोबाईल बघतो, त्याच्या चळवळीचे तास त्याच्या बायकोच्या खात्यातून आलेले असतात.

बाजाराचे औषध

आता या थकव्यावर बाजारात औषधे भरपूर आहेत. सकाळी पाचला उठा, सकारात्मक विचार करा, नकारात्मक माणसांपासून दूर राहा, डोळे मिटून दहा मिनिटे श्वासाकडे बघा, यशस्वी माणसाच्या सात सवयी. कंपन्या बारा तास राबवून घेतात आणि महिन्यातून एकदा 'स्ट्रेस मॅनेजमेंट'चे व्याख्यान ठेवतात. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. दोष तुमच्या मनात आहे, मन बदला. पगार, कामाचे तास, जात, घरातली वाटणी यांना हात लावू नका.

गंमत अशी की यातले बरेचसे बुद्धाच्या नावावर विकले जाते. म्हणून बाबासाहेबांचा बुद्ध इथे नीट समजून घेतला पाहिजे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाचा गृहत्याग म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून झालेला नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते, संघाच्या सभेत सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, आणि त्या संघर्षातून त्याचा गृहत्याग घडतो. ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेब चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीवर प्रश्न उपस्थित करतात : जन्मापासून मरणापर्यंत सारेच दुःख असेल तर माणसाला आशा कुठे उरते? माणसाने माणसाशी कसे वागावे, या प्रश्नाभोवती त्यांनी धम्म उभा केला. दुःखाला त्यांनी एकट्याच्या मनात कोंडू दिले नाही.

याचा अर्थ ध्यान टाकाऊ आहे असा नाही. आनापानसती करा, शांत बसा; मन स्थिर झाले तर विचार स्वच्छ होतो. पण अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी यांच्याबरोबर सम्यक वाणी, सम्यक कर्म आणि सम्यक आजीविकाही आहेत. आठातली दोन अंगे कापून त्यांचे अॅप बनवणारा बाजार उरलेल्या सहांबद्दल गप्प बसतो. आपण गप्प बसायचे कारण नाही.

'बाबासाहेब कधी थांबले?'

आमच्या या मांडणीवर एक आक्षेप हमखास येतो. समाज जळत असताना विश्रांती कसली? बाबासाहेब थांबले असते तर?

आक्षेप घेणाऱ्यांची तळमळ आम्हाला मान्य आहे. पण मग बाबासाहेबांचे १८ तास नीट मोजू या. १९१३ साली ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला १९२० साली पुन्हा लंडनला निघाले तेव्हा शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना हा मित्र पैशांच्या अडचणीत पाठीशी होता. त्या सगळ्या वर्षांत मुंबईत घर ओढले रमाईंनी, पोटची लेकरे गमावत. शेवटच्या वर्षांत दिल्लीला हस्तलिखिते टंकलिखित करायला नानकचंद रत्तू रात्री उशिरापर्यंत बसत. ते १८ तास एका माणसाच्या बुद्धीचे होते, पण अनेकांच्या श्रमांवर उभे होते. आपण त्यातला एक माणूस घेतला, बाकीचे सोडून दिले आणि त्या आकड्याने स्वतःला झोडपत बसलो.

आणि बाबासाहेबांनी काम सोपवलेही. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी पत्र सहकाऱ्यांच्या हाती देऊन ते लंडनला शिकायला गेले. पत्र पुढे बंद पडले, तरी शिक्षण सोडून ते परत आले नाहीत. परीक्षेच्या काळात दोन महिने मोर्चाला न आलेल्या मुलाला 'चळवळीशी गद्दारी' म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

दुःख त्यांनी लपवलेही नाही. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले कोलमडणे मोकळेपणाने सांगितले. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. मन मोकळे केल्याने माणूस लढ्यातून बाद होत नाही, याला याहून मोठा पुरावा आम्हाला नको. मधुमेहाने शरीर पोखरले तेव्हा त्यांनी उपचार घेतले. १९४८ साली डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला तेव्हा प्रकृतीची देखभाल हे त्यामागचे एक उघड कारण होते. उतारवयात ते व्हायोलिन शिकले. आणि एवढे करूनही वयाच्या ६५ व्या वर्षी, धम्मदीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत, ते गेले. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा विचार प्रत्येक आंबेडकरी माणसाने कधी ना कधी केलेला असतो. मग आपल्या कार्यकर्त्यांच्या आयुष्याबद्दल आपण इतके बेफिकीर का?

तथागतांकडेही बघा. सिद्धार्थाने उपोषणाने शरीर सुकवले आणि शेवटी सुजाताची खीर स्वीकारली. आत्मक्लेशाने ज्ञान मिळत नाही हे त्याने अनुभवाने ओळखले होते. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पायांतून रक्त काढून बसला, तरी हाती काही लागेना, म्हणून निराश झाला. तथागतांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण दिली : तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का? फार सैल सोडल्या तर? मध्यम मार्ग म्हणतात तो हाच. आपण तो प्रवचनात ऐकतो आणि कार्यकर्त्याची तार तुटेपर्यंत पिळत राहतो.

मग करायचे काय?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी, आपल्याच घाणीत पडलेला. तो इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आणि आनंदाने त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, खाटेवर निजवले आणि मग संघाला समज दिली : तुमची काळजी घ्यायला इथे आई-बाप नाहीत; तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? आपण रोज 'संघं सरणं गच्छामि' म्हणतो. त्या शरण जाण्यात हा अर्थ धरला, तर पुढच्या गोष्टी अवघड नाहीत.

पहिली गोष्ट, प्रत्येक कामाला दोन नावे. एक आज करणारा, एक उद्या सांभाळणारा. एकाच माणसावर उभे असलेले काम तो आजारी पडला की कोसळते, आणि हे माहीत असल्यामुळेच तो आजारपण अंगावर काढतो.

दुसरी, रात्रीच्या फोनची पाळी. वस्तीतल्या किंवा तालुक्यातल्या सात जणांनी आठवड्याच्या सात रात्री वाटून घ्याव्यात. ज्याची रात्र नाही त्याने फोन बंद करून झोपावे, अपराधी न वाटता. अत्याचाराच्या प्रकरणावर जाऊन आलेल्याला दुसऱ्या दिवशी कुणीतरी भेटावे, चहा पाजावा आणि "केस कुठवर आली?" याच्या आधी "तू कसा आहेस?" असे विचारावे.

तिसरी, जयंतीच्या वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा बाजूला ठेवावा. डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचले तरी शिष्यवृत्ती रखडलेल्या काही मुलांचे मेसचे पैसे निघतात. पैशाची चणचण हे आपल्या बहुतेकांच्या रात्रीच्या काळजीचे मूळ आहे, आणि त्याबद्दलच आपण सर्वांत कमी बोलतो.

चौथी, बैठकीची वेळ महिला ठरवतील. मुलांना सांभाळण्याची आणि चहाची पाळी पुरुषांकडेही येईल, आणि ती इतिवृत्तात लिहिली जाईल.

पाचवी, वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू एका जागी थांबत. चालणाऱ्या संघाने थांबण्याचा काळ नियमात बसवला होता. आपल्या विहारांत या तीन महिन्यांत ग्रंथवाचन होतेच. त्याला जोडून संघटनेनेही नवे उपक्रम या काळात घेऊ नयेत. वाचावे, हिशेब तपासावे, नवीन माणसे तयार करावीत. अत्याचाराचे काम थांबणार नाही, पण बाकीचे थांबू शकते.

एकेकट्यानेही करण्यासारखे काही आहे. डोक्यात सगळे एकदम घोंघावू लागले की कागद घ्या आणि तीन रकाने पाडा : माझे काम, आमचे काम, आत्ता कुणाचेच नसलेले काम. वडिलांची तपासणी पहिल्यात. तालुक्याचा मोर्चा दुसऱ्यात. तो एकट्याने ओढायचा नाही. दूरच्या जिल्ह्यातल्या व्हिडिओखाली रात्री एक वाजता चालणारे भांडण तिसऱ्यात. आपल्यापैकी बहुतेकांची झोप तिसऱ्या रकान्याने खाल्लेली असते. पौर्णिमेचा उपोसथ आपल्या परंपरेत आहेच; महिन्यातला तो एक दिवस फोन बाजूला ठेवून हा कागद पुन्हा तपासायला वापरता येईल. आणि 'नाही' म्हणायला शिका. "या वेळी जमणार नाही, पुढच्या वेळी करतो" हे सरळ वाक्य आहे, माफीनामा नव्हे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, आवडत्या गोष्टीत मन लागत नसेल, दारूचा आधार घ्यावासा वाटत असेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, बुवाकडे जात नाही, तसेच हेही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम १८ ने सरकारी सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळवण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे आणि तो देताना जातीवरून भेदभाव करता येणार नाही असेही म्हटले आहे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांबद्दल विचारा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येते. तो विहाराच्या फलकावर लिहून ठेवा. आणि मित्र म्हणाला की "आता नको वाटते सगळे", तर त्याला बाबासाहेबांचे उदाहरण ऐकवू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात त्याच्याबरोबर जा.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. शिकण्यात आपण झिजतो आणि संघर्षात जळतो. मधला शब्द मात्र मोर्चाची गर्दी जमवण्यापुरता उरला आहे. एकमेकांचे ओझे वाटून घेणे हाही संघटित होण्याचाच अर्थ आहे. तो अर्थ घेतला तर जी मुले-मुली आज वयाच्या तिशीत चळवळ सोडून गप्प घरी बसतात, ती साठीपर्यंत आपल्याबरोबर राहतील.

तेव्हा येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर लगेच उठू नका. आपल्या वस्तीतली चालू कामे फळ्यावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचे नाव लिहा. एकच नाव तीन-चार वेळा आले, तर त्या माणसाला टाळ्या देऊ नका. त्याच्या हातातली दोन कामे काढून घ्या आणि तिथे आपले नाव लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!